धुलाईला चार स्टार, पावतीच्या पाठीला एक

घराजवळच्या ड्रायक्लीनरकडे सात-आठ वर्षं कपडे देतेय, नाव लिहीत नाही कारण प्रकरण मिटलंय. काम खरंच चांगलं, ह्यांच्या ब्लेझरची क्रीज बघत राहावी अशी. पण मागच्या महिन्यात आईची नारायणपेठ ड्रायक्लीन आणि रोल प्रेसला दिली, 280 रुपये तिथंच भरले आणि साडी आली ती पदरावर इस्त्रीचा हा एवढा चरका घेऊन!

मालक शांतपणे म्हणाले, ताई पावतीच्या मागे बघा. मुंगीएवढ्या अक्षरात छापलेलं, नुकसानभरपाई धुलाईच्या दहापटच. म्हणजे 2800, आणि साडी 9 हजारांची.

आता त्यांचं नशीब की मी चाळिशीत लॉच्या फर्स्ट इयरला बसलेय आणि कॉन्ट्रॅक्टचा पेपर नुकताच झालाय. म्हटलं काका, तुम्ही दर सांगितलात, मी हो म्हटलं, पैसे दिले, म्हणजे ऑफर, ॲक्सेप्टन्स, कन्सिडरेशन (पुस्तकी मराठीत प्रतिफल, आपण मोबदला म्हणू) सगळं काउंटरवरच उरकलं ना, पावती तुम्ही त्यानंतर फाडून दिलीत, मग जी अट मला आधी कोणी दाखवलीच नाही ती करारात आली कुठून? शिवाय वस्तू अशी ताब्यात दिली की ते बेलमेंट, 1872 च्या कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम 151 म्हणतं की साधारण शहाणा माणूस स्वतःच्या तशाच वस्तूची घेईल तेवढी काळजी घ्यायची. स्वतःच्या बायकोच्या सिल्कवर एवढी गरम इस्त्री ठेवली असती का? यावर ते गप्प.

मग मद्रास हायकोर्टाची केसपण सांगितली, 1966 च्या एआयआरमधली (ऑल इंडिया रिपोर्टर, कोर्टांचे निकाल छापणारं पुस्तक), त्यात लाँड्रीने नवी साडी हरवली होती आणि पावतीवर किमतीच्या 15 टक्केच देऊ असं छापलेलं, कोर्टाने अशी अट पब्लिक पॉलिसीविरुद्ध, म्हणजे लोकहिताच्या विरोधात ठरवली. ग्राहक आयोगात दोन वर्षांत तक्रार करता येते आणि एवढ्याशा रकमेला फीपण नाही, हे जाता जाता सोडून दिलं. दोन फेऱ्या झाल्या, थोडा आवाज चढला (माझाच), शेवटी 6500 वर तुटलं. आई अजून म्हणते कमी घेतलेस.

चादरी, ब्लेझर खुशाल द्या. सिल्क द्यायची तर साडीची किंमत पावतीच्या पुढच्या बाजूला लिहून घ्या.

परवा पडदे घेऊन गेले तर पिशवीला हात लावायच्या आधीच काकांनी कोरी पावती उलटी करून पुढे केली, ताई आधी हे वाचा, मग कपडे द्या.