६ नंबरच्या ग्लोव्हजमधला बॅटरी स्टेपलर

ठाण्यात घोडबंदर रोडवरच्या एका हॉस्पिटलच्या ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, मी १४ वर्षं स्क्रब सिस्टर आहे, सर्जनच्या हातात हत्यारं देणारी नर्स. दुर्बिणीच्या ऑपरेशनसाठी वर्षभरापासून आमच्याकडे बॅटरीवरचा स्टेपलर आहे, त्याबद्दल लिहितेय. हे हत्यार आतला अवयव टोकाच्या जबड्यात धरून पात्याने कापतं आणि कापाच्या कडा पिनांनी शिवतं.

आमच्या मॅडम सर्जनच्या ग्लोव्हजचा नंबर ६, म्हणजे हात लहान. जुन्या स्टेपलरचं हँडल त्यांना पुन्हा पुन्हा जोर लावून दाबावं लागायचं. जठर जाड असलं की दुसरा हात लावायच्या, आणि आत स्टेपलरचं टोक हललेलं मला स्क्रीनवर दिसायचं. माझा जीव वर यायचा. आता बटण दाबलं की मोटर पातं पुढे नेते, टोक जागेवर राहतं. वजन कमी करायला जठराचा मोठा भाग कापून काढतात, त्या स्लीव्हच्या केसमध्ये पाच-सहा फायर होतात (एकदा कापून पिना मारल्या की एक फायर), तरी मॅडमचं मनगट भरून येत नाही. बॅटरीमुळे तो थोडा जड झालाय, त्याची तक्रार नाही. १९०८ साली बुडापेस्टमध्ये वापरलेला पहिला स्टेपलर साडेतीन किलोच्या वर होता.

तक्रार आहे ती वेगळी. जबडा मिटायचं हँडल अजून हातानेच दाबायचंय आणि लहान हाताला ते लांब पडतं. ते जवळ घ्यायलाच हवं होतं.

बाकी काम आपल्यालाच नीट करावं लागतं. एका फायरला कापाच्या दोन्ही बाजूंना टायटॅनियमच्या पिनांच्या तीन-तीन ओळी बसतात. पिना भरलेली कार्ट्रिज रंगावरून ओळखायची: पांढऱ्या कार्ट्रिजची पिन २.५ मिलिमीटर उंच, ती रक्तवाहिनीला, निळीची ३.५, हिरवी त्याहून उंच, जाड जठराला. बारीक पिन जाड जठराला लावली तर ती नीट वळत नाही आणि शिवण गळू शकते. म्हणून कार्ट्रिज देताना मी रंग मोठ्याने सांगते. जबडा मिटल्यावर १५ सेकंद थांबायचं, तेही मोठ्याने मोजते. तेवढ्यात दाबलेल्या भागातलं पाणी सरतं आणि शिवण सपाट बसते. प्रत्येक फायरनंतर जबडा सलाइनमध्ये हलवून घेते, एखादी सुटी पिन अडकलेली असतेच.

कार्ट्रिज महाग, त्यामुळे डीलर मोजूनच पाठवतो. एकदा हिरवी कमी पडली आणि ती घेऊन येणारा डीलरचा माणूस कापूरबावडीच्या ट्रॅफिकमध्ये. पेशंट भुलीखाली, आम्ही हात बांधून उभे. तेव्हापासून जादा दोन कार्ट्रिज शेल्फवर दिसल्याशिवाय मी भूल सुरू करू देत नाही.

घेणार असाल तर आधी डेमो मागवा. तुमच्या ओटीतल्या सगळ्यात लहान हाताला, ओल्या ग्लोव्हजमध्ये, जबडा मिटून बघू द्या.