वेडावाकडा जॉब मिलिंगला कसा धरावा : क्लॅम्प, सॉफ्ट जॉ की वितळणारा मिश्रधातू?

फाउंड्रीतून आलेली पंपाची केसिंग (बाहेरचे कवच) मिलिंगसाठी, म्हणजे फिरत्या कटरने कापण्यासाठी हातात घेतली, की तिच्यावर एकमेकींना समांतर अशा दोन बाजू सापडत नाहीत. पॅटर्न (साच्यासाठीचा नमुना) वाळूतून अलगद सुटावा म्हणून भिंतींना उतार दिलेला असतो, पार्टिंग लाइनवर, म्हणजे साच्याचे दोन भाग जुळतात त्या रेषेवर, कड वर आलेली असते, आणि शंखासारख्या वळणामुळे व्हाइसच्या (शिकंज्याच्या) सपाट जॉमध्ये, म्हणजे जबड्यांत, ती दोन-तीन टोकांवरच धरली जाते. फेस मिलचा (सपाट पृष्ठभाग कापणाऱ्या कटरचा) पहिला धक्का बसताच असा जॉब, म्हणजे कापायची वस्तू, फिरू शकतो. कोल्हापूरजवळच्या शिरोली, गोकुळ शिरगावसारख्या औद्योगिक वसाहतींत हे ओतकाम रोजचे आहे. तिथे नवे काम घेणाऱ्या लहान कारखानदाराला पकडीचा मार्ग आधी ठरवावा लागतो, कारण दर आणि वेळ दोन्ही त्यावरच अवलंबून असतात.

कोणताही मार्ग निवडला, तरी जॉब किती जोराने दाबायचा याआधी तो कशावर टेकवायचा हे ठरले पाहिजे. ओबडधोबड जमिनीवर तिवई डुगडुगत नाही, चौरंग मात्र डुगडुगतो. कच्च्या कास्टिंगलाही म्हणूनच खालून तीनच पक्के टेकू द्यावेत. चौथा आधार लागलाच, तर तो खालीवर करता येणारा स्क्रू जॅक असावा, आणि तो जॉबला केवळ स्पर्श करील इतकाच वर घ्यावा.

एक ते पाच नग करायचे असतील, तर टेबलच्या टी-स्लॉटमधले (टी आकाराच्या खाचांतले) स्टेप क्लॅम्प, म्हणजे बोल्टने आवळायच्या दाबपट्ट्या, आणि जॅक यांना माझ्या मते पर्याय नाही. खर्च जवळजवळ नसतो, परंतु प्रत्येक नगाला नव्याने सेटिंग करावे लागते आणि क्लॅम्प कटरच्या वाटेत येतात. या पद्धतीत सर्वाधिक चुका बोल्टच्या जागेत होतात. बोल्टपासून जॉब ४० मिमी आणि मागचा टेकू ८० मिमी अंतरावर असेल, तर बोल्टच्या ताणापैकी दोन-तृतीयांश दाब जॉबवर येतो. हीच अंतरे उलटी झाली, तर जॉबला एक-तृतीयांशच मिळतो आणि उरलेला टेकूवर वाया जातो. शिवाय क्लॅम्प नेमका खालच्या आधाराच्या वर बसला पाहिजे, नाहीतर पोकळ भिंत वाकते.

नगांची संख्या वाढली, की सॉफ्ट जॉ, म्हणजे कोरता येणारे मऊ जबडे, आकर्षक वाटू लागतात. ॲल्युमिनियमचे किंवा माइल्ड स्टीलचे जॉ व्हाइसवर बसवून, मध्ये ठोकळा दाबून, जॉबच्या आकाराचा खाचा त्यांच्यात तिथेच कोरला, की पुढचे नग भराभर लागतात. मात्र कच्च्या कास्टिंगसाठी संपूर्ण आकार कोरणे मी चुकीचे मानतो. दोन ओतीव नग कधीच तंतोतंत सारखे नसतात. एकाला नेमका बसणारा खाचा दुसऱ्याला अडतो किंवा सैल पडतो. पहिल्या सेटिंगला तीन लोकेटरचे (जागा पक्की करणाऱ्या टेकूंचे) साधे फिक्श्चर, म्हणजे जॉब धरण्याची चौकट, बनवावे, त्यावर फ्लँजची (जोडणीच्या कडेची) बाजू मिल करून घ्यावी, आणि सॉफ्ट जॉ दुसऱ्या सेटिंगला वापरावेत, जिथे टेकायला मशीन झालेला पृष्ठभाग उपलब्ध असतो. कापण्याचा जोर स्थिर जॉकडे येईल अशी दिशा ठेवल्यास सरकत्या जॉवर भिस्त राहत नाही.

तिसरा मार्ग खास आहे. भिंत इतकी पातळ असेल, की दाबली तर वाकते आणि सोडली तर चॅटर होते, म्हणजे कापताना थरथरते, तेव्हा जॉबभोवती कमी तापमानाला वितळणारा बिस्मथचा मिश्रधातू ओततात. विमानाच्या इंजिनातली टर्बाइनची पाती त्यांचा पाया मशीन करताना याच पद्धतीने धरली जात आली आहेत. बिस्मथ गोठताना प्रसरण पावतो, त्यामुळे पकड घट्ट बसते. वुड्स मेटल सुमारे ७० अंश सेल्सिअसला, म्हणजे गरम पाण्यातच वितळतो. पण त्यात शिसे आणि साधारण १० टक्के कॅडमियम असते, आणि कॅडमियमची वाफ व धूळ घातक असल्यामुळे तो लहान कारखान्यात आणू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. बिस्मथ-कथिलाचा शिसेविरहित मिश्रधातू १३८ अंशांना वितळतो, तो सुरक्षित आहे, पण त्याला ओव्हन किंवा तेलाचे भांडे लागते. शिवाय ओतताना जॉब लोकेटरवर नेमका बसलेला नसेल, तर चूक त्या ठोकळ्यात कायमची गोठते.

व्हॅक्युमने, म्हणजे खालची हवा शोषून, जॉब धरण्याचा विचार या कामासाठी सोडून द्यावा : वातावरणाचा दाब दर चौरस सेंटिमीटरला जेमतेम एक किलो बळ देतो आणि त्यालाही सपाट पाठ हवी.

मार्ग ठरल्यावर पहिल्या नगावर डायल इंडिकेटर (सूक्ष्म हालचाल दाखवणारे काट्याचे मापक) लावून क्लॅम्प एकेक करून आवळावेत. काटा स्थिर राहिला, तर आधार योग्य जागी आहेत. तो पाच-दहा शतांश मिलिमीटर सरकला, तर जवळपास तितकाच फरक जॉब सोडल्यावर तयार पृष्ठभागात उतरणार आहे. अशा वेळी बोल्ट आणखी न आवळता त्या क्लॅम्पखालचा आधार सरकवून पुन्हा सुरुवात करावी.