टाटा टियागो ईव्ही (२४ युनिट बॅटरी): मुंबईत रोजच्या वापरासाठी पेट्रोल-सीएनजीऐवजी घ्यावी का?

बोरिवली ते बीकेसी जाऊन-येऊन साधारण ४५ ते ५० किलोमीटर होतात. गाडीने ऑफिसला जाणाऱ्या बहुतेक मुंबईकरांची रोजची धाव याच्या आसपास किंवा याहून कमी असते, आणि तेवढ्यासाठी टियागो ईव्हीचं लाँग रेंज (२४ युनिटचं) मॉडेल पुरून उरतं. घोडं अडतं ते गाडी रात्री जिथे उभी राहते तिथे. त्यामुळे पार्किंगमधल्या चार्जिंग पॉइंटबद्दलही इथे सविस्तर लिहिलं आहे.

गाडी २०२२च्या सप्टेंबरमध्ये आली, १९.२ आणि २४ युनिट (किलोवॅट-तास) अशा दोन बॅटऱ्यांत. मुंबईसाठी २४चीच घ्यावी. लाँचच्या वेळी कंपनीने ३१५ किलोमीटर रेंज सांगितली होती. एसी चालू ठेवून शहरात १८० ते २०० मिळतात. प्रमाणपत्राच्या चाचणीत एसी बंद असतो आणि मुंबईत तो जवळजवळ वर्षभर चालू असतो, म्हणून एवढी तफावत. ट्रॅफिकमध्ये गाडी उभी असताना मोटर काहीच खात नाही, एसी मात्र तासाला एक ते दीड युनिट घेतो. दोन तासांच्या कोंडीत फार तर २५ किलोमीटरची रेंज जाते. पेट्रोल गाडी अशा वेळी एसीसकट तासाला पाऊण ते एक लिटर जाळते आणि जागची हलत नाही.

मोटर ५५ किलोवॅटची, टॉर्क ११४ न्यूटन-मीटर. सिग्नल सुटल्यावर गाडी मागच्याला हॉर्न वाजवायची संधी देत नाही. क्लच-गिअर नसल्याने साकीनाका ते घाटकोपर हे अंतर डाव्या पायाला न दमवता पार होतं. हा आराम आमच्या मते पैशांच्या बचतीइतकाच मोलाचा आहे. रीजनच्या, म्हणजे गाडी मंदावताना वीज परत मिळवण्याच्या, शून्य ते तीन अशा पायऱ्या आहेत. गर्दीत तीनवर ठेवा, म्हणजे पाय उचलला की गाडी स्वतःच मंदावते आणि थोडी वीज बॅटरीत परत जाते. बॅटरी पूर्ण भरलेली असताना ही वीज ठेवायला जागा नसते, त्यामुळे सकाळी पहिली काही मिनिटं रीजन कमी मिळतं. तेव्हा ब्रेकवर पाय तयार असू द्या.

आता हिशेब. चार्जिंगमधली गळती धरून १०० किलोमीटरला मीटरवर सुमारे १४ युनिट पडतात. युनिट १० रुपये धरलं तर किलोमीटरला १ रुपया ४० पैसे. पेट्रोल १०३ रुपयांच्या पुढे धरलं आणि मुंबईच्या ट्रॅफिकमध्ये ॲव्हरेज १४, तर ७ रुपये ४० पैसे. सीएनजी ८० रुपये किलो आणि ॲव्हरेज २० धरलं तर ४ रुपये. पेट्रोल ऑटोमॅटिकपेक्षा ही गाडी ऑन-रोड अडीच लाखांनी महाग पडते असं धरा. तो फरक सुमारे ४२ हजार किलोमीटरमध्ये भरून निघतो. वर्षाला १२ हजार चालवणाऱ्याला साडेतीन वर्षं. सीएनजीशी पावणेदोन लाखांचा फरक धरला तर ६७ हजार किलोमीटर, म्हणजे साडेपाच वर्षांच्या वर. बॅटरीची वॉरंटी ८ वर्षं किंवा १ लाख ६० हजार किलोमीटर आहे, त्यामुळे दोन्ही हिशेब वॉरंटीच्या आत बसतात.

घरी पॉइंट नसेल तर हेच गणित कोसळतं. बाहेरच्या फास्ट चार्जरवर जीएसटीसह युनिटला २५ रुपये धरले तर किलोमीटरला सव्वातीन रुपये होतात (इथे गळती कमी, म्हणून १०० किलोमीटरला १३ युनिट धरले). सीएनजीच्या मानाने पाऊण रुपया वाचतो आणि फरक भरून यायला सव्वादोन लाख किलोमीटरहून जास्त लागतात. शिवाय १० ते ८० टक्क्यांसाठी तासभर थांबायचं. अशांनी सध्या सीएनजीच घ्यावी. डिकी टाकीने अडते, दर तीन वर्षांनी हायड्रोटेस्ट (टाकीची दाब-चाचणी) करावी लागते, पंपावर रांग असते, तरीही.

पावसाळ्याबद्दल गैरसमज दोन्ही बाजूंनी आहेत. बॅटरी आणि मोटर आयपी६७ दर्जाच्या आहेत, म्हणजे एक मीटर पाण्यात अर्धा तास बंदिस्त राहतील अशी त्यांची चाचणी होते. पेट्रोल इंजिन हवेच्या नळीतून पाणी ओढतं आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. तो धोका इथे नाहीच. पण आयपी६७ हा दर्जा पॅक आणि मोटरचा, आख्ख्या गाडीचा नव्हे. केबिनमधलं कारपेट, वायरिंगचे जोड आणि १२ व्होल्टची यंत्रणा भिजली की फॉल्ट (बिघाडाचा इशारा) येतो आणि गाडी बंद पडू शकते. अंधेरी सबवे किंवा मिलन सबवेमध्ये पाणी अर्ध्या चाकाच्या वर दिसलं तर वळून जावं. पाण्यातून काढलेल्या गाडीवर फॉल्टचा दिवा असेल तर ती चार्जिंगला लावू नये, आणि पुढची चाकं जमिनीवर ठेवून ओढूही नये. ती मोटरशी कायम जोडलेली असतात, फिरली की वीज तयार होते. फ्लॅटबेडच (गाडी वर चढवून नेणारा ट्रक) मागवा.

बाकी बिघाड साधे आहेत. तीन-चार आठवडे उभी राहिलेली गाडी सुरू झाली नाही तर बहुधा १२ व्होल्टची छोटी बॅटरी उतरलेली असते. ती मेली की मोठ्या बॅटरीचे कॉन्टॅक्टर (तिची वीज जोडणारे स्विच) जुळत नाहीत, मग तिच्यात ९० टक्के चार्ज असला तरी उपयोग नाही. रीजनमुळे ब्रेक पॅड कमी झिजतात, पण आपल्या खाऱ्या हवेत डिस्क गंजतात. आठवड्यातून एकदा रस्ता मोकळा असताना रीजन शून्यावर ठेवून चार-पाचदा नीट ब्रेक दाबा. स्टेपनी नाही, फक्त पंक्चर किट आहे. खड्ड्याने टायरची बाजू फाटली तर किट निकामी, त्यामुळे रोडसाइड असिस्टन्सचं नूतनीकरण चुकवू नका. बॅटरीचे सेल एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) प्रकारचे आहेत. त्यांचा व्होल्टेज मधल्या टप्प्यात जवळजवळ बदलत नाही, म्हणून टक्केवारीचा अंदाज हळूहळू चुकत जातो. आठवड्यातून एकदा स्लो चार्जरवर १०० टक्के भरा आणि चार्जिंग आपोआप थांबेपर्यंत प्लग काढू नका.

लांबच्या प्रवासाला ही गाडी नाही. पुणं १५० किलोमीटरवर असलं तरी ९०च्या वेगाने खप वाढतो आणि बोरघाटाचा चढ एकटा दोन-अडीच युनिट खातो. एका दमात पोचायचा हट्ट न करता वाटेतल्या फूड मॉलवर अर्धा तास चार्जिंग करावं. गणपतीला रत्नागिरीकडे जायचं असेल आणि घरात ही एकच गाडी असेल, तर पेट्रोलचीच घ्या. अटल सेतूवर ऑगस्ट २०२५पासून ई-कारला टोल माफ आहे, हा नवी मुंबईच्या बाजूला कामाला जाणाऱ्यांना मोठा फायदा.

आता पार्किंग. सोबत येणारा चार्जर साध्या १५ अँपिअरच्या पॉइंटवर चालतो आणि १० ते १०० टक्क्यांना पावणेनऊ तास घेतो. पण रोज ४५ किलोमीटर चालवणाऱ्याला जेमतेम साडेसहा युनिट लागतात, म्हणजे सुमारे दोन तास. त्यामुळे ७.२ किलोवॅटच्या चार्जरवर जास्तीचे पैसे घालायची गरज नाही. खरी गरज चांगल्या वायरिंगची आहे. चार्जर सलग १४ अँपिअर ओढतो. इमारतीतला जुना पॉइंट मिक्सर-इस्त्रीसाठी ओढलेला असतो. त्यावर रात्रभर गाडी लावली की आधी प्लग तापतो, मग सॉकेट पिवळं पडून वितळतं. मीटर रूमपासून स्वतंत्र लाइन घ्या: ३० मीटरपर्यंत ४ स्क्वेअर एमएमची तांब्याची केबल, त्यापुढे ६ची. २० अँपिअरचा सी-कर्व्ह एमसीबी, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच; टाइप ए मागा, दुकानदार बहुधा टाइप एसी पुढे करतो) आणि झाकणवालं इंडस्ट्रियल सॉकेट लावा.

चार्जरचा लाल दिवा लागला तर बहुतेक वेळा कारण अर्थिंगच असतं. जुन्या इमारतींत अर्थची वायर सॉकेटपर्यंत येते, पण खाली कशालाच जोडलेली नसते. न्यूट्रल आणि अर्थमध्ये ३ व्होल्टहून जास्त दिसले तर वायरमनला आधी तेच दुरुस्त करायला सांगा. अर्थ-न्यूट्रल एकत्र जोडून दिवा हिरवा करून देणारे महाभाग आहेत. तसं कधीही करू देऊ नका. न्यूट्रल तुटला तर गाडीच्या पत्र्यात करंट येतो.

मीटर शक्यतो ईव्हीचा वेगळा घ्या. घरच्याच मीटरवर महिन्याला १४० युनिट वाढले तर बिल ३०० युनिटांची पायरी ओलांडतं आणि वरचे युनिट महागात पडतात. शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी किंवा टाटा पॉवर आणि मुलुंड-भांडुपला महावितरण, ज्याची वीज असेल त्याच्याकडे ईव्ही कनेक्शनचा वेगळा दर असतो.

स्टॅक किंवा टॉवर पार्किंग असेल तर गाडी बुक करण्याआधीच थांबा. वर-खाली सरकणाऱ्या पॅलेटवर (गाडी ठेवायच्या फळीवर) लोंबती केबल चालत नाही, आणि पॅलेटमध्येच वीज पुरवायची सोय मूळ यंत्रणेत नसेल तर नंतर बसवणं कठीण असतं. सोसायटीत जमिनीवरची एखादी जागा अदलाबदलीने मिळते का, ते सेक्रेटरींना विचारा.

सोसायटीकडे करायच्या एनओसीच्या (ना-हरकत पत्राच्या) अर्जासोबत केबलच्या मार्गाचा नकाशा, लायसन्सधारक इलेक्ट्रिशियनचं पत्र आणि ३.३ किलोवॅट लोडचा स्पष्ट उल्लेख जोडा. कमिटीला भीती असते ती आख्ख्या इमारतीच्या लोडची. दहा गाड्या एकाच वेळी लागल्या तरी ३३ किलोवॅट होतात, आणि प्रत्येकीला दोनच तास हवे असल्याने रात्री ११ ते सकाळी ७ या वेळेत टायमर लावून त्या तीन-तीनच्या पाळीत सहज बसतात. अर्जात हे वेळापत्रकच लिहून द्या.