गिम्प ३.०: पॅनेलांची घडी बसल्यानंतर

गिम्प हे फोटो सुधारण्याचं मोफत सॉफ्टवेअर. त्याची ३.० आवृत्ती मार्च २०२५ मध्ये आली. जुन्या, डागाळलेल्या फोटोंच्या दुरुस्तीचं सगळं काम मी गेले कित्येक महिने त्यावरच करते आहे. मला लिहायचंय ते कडेच्या पॅनेलांबद्दल, म्हणजे साधनं आणि पर्याय असलेल्या चौकटींबद्दल. माझ्या ओळखीत ज्यांनी ज्यांनी गिम्प सोडलं, त्यांना ते फोटो नीट करता येत नाही म्हणून सोडावं लागलं नाही. कुठली गोष्ट कुठे आहे हेच त्यांना सापडत नव्हतं.

गिम्पची पॅनेलं एकेकाळी सुट्या खिडक्यांत तरंगायची. सगळं एकाच खिडकीत मांडण्याची सोय २.८ मध्ये, म्हणजे २०१२ साली आली आणि २०१८ च्या २.१० पासून तीच मूळ मांडणी झाली. त्यामुळे जुन्या आठवणीवरून आजच्या गिम्पबद्दल मत बनवू नका.

आता पहिल्यांदा उघडलं की डावीकडे वर टूलबॉक्स, त्याखाली निवडलेल्या टूलचे पर्याय, उजवीकडे वर ब्रश, पॅटर्न, फॉन्ट आणि खाली लेअर (फोटोचे एकावर एक ठेवलेले थर), चॅनेल (लाल, हिरवा, निळा असे रंगांचे भाग), पाथ असं दिसतं. मांडणी समजूतदार आहे, पण उजव्या बाजूची वाटणी मला पटत नाही. ब्रश एकदा निवडला की बराच वेळ तिकडे बघावंही लागत नाही. लेअरकडे मात्र सतत लक्ष ठेवावं लागतं, आणि तेच खाली कोंबलेलं. मी ब्रशचा टॅब ओढून डावीकडे टूलच्या पर्यायांशेजारी टाकला, वरचे बाकीचे टॅब बंद केले आणि उजवी बाजू वरपासून खालपर्यंत लेअरना दिली. एवढ्या एका बदलाने काम हलकं झालं.

दुसरा बदल लेअरच्या चित्रांचा. प्रत्येक टॅबगटाच्या कोपऱ्यात एक बारीक त्रिकोणी बटण असतं, त्यात प्रिव्ह्यूचा आकार वाढवता येतो. तो जरूर वाढवा. कारण असं की, लेअरला मास्क लावला की त्या ओळीत शेजारी शेजारी दोन चित्रं येतात, लेअरचं आणि मास्कचं. तुमचा ब्रश यांपैकी कशावर चालणार हे त्या चित्राभोवतीच्या पांढऱ्या चौकटीवरून कळतं. मास्कवर काळा रंग फिरवला तर लेअरचा तेवढा भाग झाकला जातो, पांढरा फिरवला की परत दिसतो, मूळ फोटोला धक्का लागत नाही. चौकट मास्कऐवजी लेअरभोवती असेल तर तोच काळा रंग थेट चेहऱ्यावर बसतो. बारीक प्रिव्ह्यूमध्ये ही चौकट पटकन दिसत नाही. शिकवणारे सगळे मास्क समजावून सांगतात, पण नजर कुठे ठेवायची ते फार थोडे सांगतात.

३.० मधली खरी मोलाची भरही याच पॅनेलमध्ये आहे. पूर्वी कर्व्ह्‌ज (उजेड-अंधार बदलणारा) किंवा ब्लर (धूसर करणारा) असा फिल्टर लावला की तो लेअरमध्ये मुरून जायचा. आता फिल्टर वेगळा राहतो आणि लेअरच्या ओळीत ‘एफएक्स’ची खूण येते. ती दाबली की लावलेल्या फिल्टरांची यादी उघडते. डोळ्याच्या खुणेने फिल्टर लपवा, क्रम बदला किंवा उघडून आकडे बदला. एक्ससीएफ या गिम्पच्या स्वतःच्या फाइल प्रकारात सेव्ह केलं तर दुसऱ्या दिवशीही हे सगळं जागच्या जागी मिळतं. अनडू हिस्टरीचं पॅनेलही छान आहे, प्रत्येक टप्प्याचं छोटं चित्र दाखवतं, पण फाइल बंद केली की ती यादी जाते. तक्रार एकच: फिल्टरांची ती यादी तात्पुरत्या चौकटीत उघडते, बाहेर क्लिक केलं की मिटते. तिला कायमचं पॅनेल हवं होतं.

टूलच्या पर्यायांचं पॅनेल कधीही बंद करू नये. ब्रश उमटत नाही अशी तक्रार असते तेव्हा पुष्कळदा तिथे ओपॅसिटी (रंगाची अपारदर्शकता) कमी ठेवलेली निघते. तळाच्या रीसेटच्या बटणाने त्या टूलचे पर्याय मूळपदावर येतात, शिफ्ट धरून तेच दाबलं तर सगळ्या टूलांचे. चॅनेलच्या पॅनेलमध्ये मात्र उगाच क्लिक करू नका. तिथे लाल, हिरवा, निळा तिन्ही आधीपासून निवडलेले असतात आणि क्लिक केल्यावर तो चॅनेल निवडीतून सुटतो. मग रंग भलतेच उमटू लागतात आणि कारण काही केल्या सापडत नाही.

सगळी पॅनेलं एकदम गायब झाली तर घाबरू नका, कीबोर्डवरची टॅबची कळ दाबली गेलेली असते. तीच पुन्हा दाबा. एखादाच डॉक (पॅनेलांचा गट) बंद झाला असेल तर तो विंडोज मेनूमध्ये अलीकडे बंद केलेल्या डॉकच्या यादीत मिळतो. आणि काहीच सापडत नसेल तर तिरक्या रेघेची (/) कळ दाबून हव्या त्या आज्ञेचं नाव टाइप करा. मला ही सोय फार आवडते, मेनूत भटकणं जवळजवळ थांबलं.

टूलबॉक्समध्ये एका चौकोनामागे अनेक टूल दडलेली असतात. असे गट नको असतील तर प्रेफरन्सेसमध्ये बंद करता येतात. मी केलेत.

उणीव सांगायची तर एकच मोठी. फोटोशॉपमध्ये कामानुसार वेगवेगळ्या मांडण्या नाव देऊन जपता येतात, गिम्पमध्ये एकच मांडणी लक्षात राहते. मला दुरुस्तीसाठी एक लागते आणि अक्षरांच्या कामासाठी दुसरी. गिम्प ही मांडणी आपल्या सेटिंग्जच्या फोल्डरमध्ये ‘सेशनआरसी’ नावाच्या फाइलमध्ये ठेवतं. म्हणून मी तिच्या दोन प्रती बाजूला काढून ठेवल्या आहेत आणि हवी ती तिथे टाकते. फाइल बदलताना गिम्प बंद असावं लागतं, नाहीतर बाहेर पडताना ते चालू मांडणीच पुन्हा तिच्यावर लिहून टाकतं.