ड्रमगिझ्मोसोबत चौदा महिने : दहा वर्षांनी प्रोजेक्ट उघडेल का?

ठाण्यात नौपाड्यातल्या एका जुन्या इमारतीत राहून मी गेली बरीच वर्षे हौशी आणि प्रायोगिक नाटकांचे पार्श्वसंगीत करतो. दोन खोल्यांच्या घरात खरा ड्रमसेट मावत नाही. मावला असता, तरी ज्या निवासी भागात ध्वनिमर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल आहे तिथे तो वाजवणे शेजाऱ्यांवर अन्याय करणारे ठरले असते. त्यामुळे ड्रमचे सगळे काम मी संगणकावरच करत आलो आहे. गेले चौदा महिने त्यासाठी मी ड्रमगिझ्मो हे मुक्त स्रोताचे, विनामूल्य सॉफ्टवेअर वापरतो. या काळात तीन एकांकिका, एक दोन अंकी नाटक आणि एका बालनाट्याची गाणी त्यावर झाली, तेव्हा आता त्याविषयी जबाबदारीने काही लिहिता येईल असे वाटते.

या सॉफ्टवेअरकडे मी वळलो त्याला कारण घडले एका जुन्या एकांकिकेचे. २०१३ साली केलेली ती एकांकिका पुन्हा उभी करायचे ठरले आणि दिग्दर्शकाने शेवटच्या प्रवेशाचा ठेका थोडा संथ करून मागितला. प्रोजेक्ट उघडायचा, गती मिनिटाला ११२ ठोक्यांवरून ९६ वर आणायची आणि ट्रॅक पुन्हा काढायचा, एवढेच ते काम होते. प्रोजेक्ट उघडला, तर ड्रमच्या ट्रॅकवर प्लगइन, म्हणजे मुख्य सॉफ्टवेअरला जोडलेले ड्रमचे सॉफ्टवेअर, सापडत नसल्याची सूचना आली. ते प्लगइन मी त्या वेळी रीतसर पैसे भरून घेतले होते, पण ते ३२ बिटचे होते आणि त्याची ६४ बिटची आवृत्ती कधी निघालीच नाही. जुन्या संगणकावर ते पुन्हा बसवावे, तर परवाना सक्रिय करून देणारे संकेतस्थळ बंद झालेले. सॅम्पल, म्हणजे एकेका ठोक्याचे मुद्रित आवाज, माझ्याच डिस्कवर होते, परंतु ते त्या सॉफ्टवेअरच्या बंदिस्त स्वरूपात असल्यामुळे दुसऱ्या कशातही उघडत नव्हते. मिडीच्या, म्हणजे कोणते वाद्य कधी आणि किती जोरात वाजवायचे याच्या, नोंदी तेवढ्या शाबूत होत्या, मात्र त्यांचे क्रमांकही त्या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या पद्धतीचे असल्याने कोणता ठोका कोणत्या वाद्याचा हे जुने मिक्स ऐकून एकेक करून ओळखावे लागले. प्रयोगाला बारा दिवस उरले असताना त्यातले चार दिवस या कामात गेले. हातात असलेले आपलेच काम आपल्याला उघडता येऊ नये, याचे मला तेव्हा फार वाईट वाटले आणि अजूनही वाटते.

नवे सॉफ्टवेअर निवडताना म्हणूनच मी आवाजाआधी त्याच्या आयुष्याचा विचार केला. आवाजाच्या बाबतीत पर्याय उत्तम आहेत. वाशीतल्या एका मित्राच्या स्टुडिओत मी ईझीड्रमर ३ बरेच दिवस हाताळला. स्वीडनच्या टूनट्रॅक कंपनीने २०२२ मध्ये आणलेल्या या आवृत्तीच्या मूळ संचाचे ध्वनिमुद्रण बर्लिनच्या हान्सा स्टुडिओत झाले असून, त्याचा आवाज पहिल्या ठोक्यापासून मिक्समध्ये बसतो. गिटारचा किंवा पियानोचा तुकडा त्यात टाकला की त्याला साजेसे ठेके सुचवणारी ‘बँडमेट’ ही सोय तर ज्याला ड्रमवादन येत नाही अशा संगीतकारासाठी मोठाच आधार आहे. त्याच कंपनीचा सुपिरियर ड्रमर ३ हा २०१७ पासून आहे. त्यातील सॅम्पलचा मूळ साठा सुमारे २३० जीबीचा आहे आणि ज्यांना प्रत्येक मायक्रोफोनवर हुकमत हवी त्यांच्यासाठी तो आहे. एक्सएलएन ऑडिओचा ॲडिक्टिव्ह ड्रम्स २ तर २०१४ पासून चालू आहे. एखादे उत्पादन इतकी वर्षे चालवत ठेवणे ही टिकाऊपणाची खरी खूण आहे आणि या कंपन्यांचे ते श्रेय मान्य करायलाच हवे.

परंतु उत्पादन टिकणे आणि ते त्याच हाती राहणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. बीएफडी हे ड्रम सॉफ्टवेअर लंडनच्या एफएक्सपॅन्शनने २००३ मध्ये आणले; २०१६ मध्ये ती कंपनी रोलीकडे गेली आणि पुढे बीएफडी इनम्युझिककडे आले. सॉफ्टवेअर आजही मिळते, पण ज्याने पहिल्या मालकाशी व्यवहार केला त्याचा परवाना दोनदा दुसऱ्याच्या हाती गेला. याच्या उलट उदाहरण एसएफझेड या सॅम्पलच्या स्वरूपाचे. ते आरजीसी ऑडिओने तयार केले, पुढे ती कंपनी केकवॉकमध्ये विलीन झाली, २०१७ मध्ये केकवॉकची मालक असलेल्या गिब्सनने तिच्या सॉफ्टवेअरचा विकासच थांबवला, आणि तरीही त्या काळातल्या एसएफझेड फाइली आज स्फिझसारख्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये उघडतात, कारण त्या साध्या मजकुराच्या फाइली आहेत आणि त्यांच्या शेजारी साध्या वेव्ह, म्हणजे ध्वनीच्या, फाइली असतात. मला हवे होते ते नेमके हेच.

ड्रमगिझ्मोची रचना याच धर्तीची आहे. त्याचा प्रत्येक संच म्हणजे एक फोल्डर असते. त्यात प्रत्येक ठोक्याची वेव्ह फाइल, कोणत्या वाद्याला कोणत्या फाइली लागू आहेत हे सांगणाऱ्या एक्सएमएल फाइली, आणि कोणत्या मिडी क्रमांकावर कोणते वाद्य वाजावे हे ठरवणारी आणखी एक स्वतंत्र एक्सएमएल फाइल. यातल्या एक्सएमएल फाइली साध्या मजकुराच्या असल्यामुळे नोटपॅडमध्ये उघडून वाचता येतात. प्रत्येक ठोका सर्व मायक्रोफोनवर एकाच वेळी मुद्रित केलेला असल्यामुळे एकेका वेव्ह फाइलमध्ये अनेक चॅनेल असतात. मी सर्वांत जास्त वापरतो त्या डीआरएस किटमध्ये ते १३ आहेत. किकचा (पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमचा) ठोका स्नेअरच्या (काड्यांनी वाजवायच्या खणखणीत ड्रमच्या) मायक्रोफोनमध्येही थोडा झिरपतो, तसाच तो इथे मिळतो, आणि त्यामुळे ड्रम एका खोलीत वाजल्यासारखे वाटतात.

ठोक्यांची निवड करण्याची त्याची पद्धत मला विशेष आवडली. पुष्कळ सॉफ्टवेअरमध्ये मिडीच्या १ ते १२७ या जोराच्या मोजपट्टीचे ठरावीक थर पाडलेले असतात आणि प्रत्येक थरात मोजकेच सॅम्पल असतात. ड्रमगिझ्मो प्रत्येक मुद्रित ठोक्याची प्रत्यक्ष ताकद मोजून ठेवतो आणि वाजवताना हव्या असलेल्या जोराच्या आसपासचा एखादा ठोका संभाव्यतेने उचलतो. एकाच जोराच्या सलग आठ स्नेअरमध्ये त्यामुळे आठ सूक्ष्म वेगळे आवाज येतात आणि यंत्राने बडवल्यासारखा तो एकसुरी खडखडाट होत नाही. संथ, हळुवार प्रसंगात, जिथे ब्रशसारखा हलका स्नेअर संवादाखाली चालू ठेवायचा असतो, तिथे याचा फरक स्पष्ट कळतो.

उणिवाही तितक्याच स्पष्ट सांगतो. यात तयार ठेक्यांचा साठा नाही, स्वतःचा मिक्सर नाही, इक्वलायझर नाही, कॉम्प्रेसर नाही. जे मिळते ते मायक्रोफोनमधून आलेले कच्चे ध्वनी. त्यांना रूप देण्याचे सगळे काम आपण आपल्या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये करायचे. पहिल्या महिन्यात एका दोन मिनिटांच्या तुकड्याचे मिक्स करायला मला दोन संध्याकाळी लागत, जे काम ईझीड्रमरमध्ये अर्ध्या तासात झाले असते. उपलब्ध संच हाताच्या बोटांवर मोजण्याइतके आणि बहुतेक रॉक किंवा मेटल संगीताकडे झुकलेले आहेत. जाझचा नाजूक संच हवा असेल तर इथे शोधू नये. संच मेमरीत चढवण्याची त्याची मूळ पद्धत असल्यामुळे १६ जीबी रॅम असलेला संगणक मी किमान मानतो. डिस्कवरून वाचत वाजवण्याची सोय आहे, पण त्यासाठी एसएसडी असलेली बरी.

सहाव्या महिन्यात जे घडले त्यामुळे मात्र या सगळ्या कमतरता मला हलक्या वाटू लागल्या. दोन अंकी नाटकाला हलगी हवी होती. परदेशी ड्रम संचांमध्ये हलगी मिळण्याची अपेक्षाच नाही. स्वरप्लगसारखी भारतीय वाद्यांची सॉफ्टवेअरे आहेत, पण मला विशिष्ट वादकाची, विशिष्ट कातड्याची हलगी हवी होती. कळव्यात राहणारे एक ज्येष्ठ वादक, ज्यांना आम्ही सगळे अण्णा म्हणतो, त्यासाठी तयार झाले. ड्रमगिझ्मोच्याच मंडळींनी केलेले डीजीएडिट हे संपादक सॉफ्टवेअर सलग मुद्रणातून एकेक ठोका वेगळा करून संच बांधायला मदत करते. आम्ही जानेवारीचा कोरडा आठवडा निवडला, कारण पावसाळ्यात कातडे ढिले पडते. अण्णांनी आधी हलगी शेकून घेतली आणि मग चार मायक्रोफोनसमोर मध्यावरचा जाड टिपरूचा ठोका, कडेवरचा ठोका आणि बारीक काडीचा ठोका, असे तीन प्रकार अतिशय हलक्यापासून पूर्ण जोरापर्यंत प्रत्येकी सुमारे सत्तर वेळा वाजवले. प्रत्येक ठोक्याची आस पूर्ण विरेपर्यंत थांबायचे हा नियम त्यांना सुरुवातीला फार जड गेला. आयुष्यभर लयीत वाजवणाऱ्या माणसाला एक ठोका मारून शांत बसायला सांगणे ही खरोखरच अवघड मागणी आहे, आणि त्यांनी ती ज्या सबुरीने पाळली त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे. जवळून लोकल गेली की तेवढे ठोके बाद करावे लागत आणि दर अर्ध्या तासाने हलगी पुन्हा शेकावी लागे. संपादनाला दोन आठवड्यांच्या संध्याकाळी गेल्या. त्यातून जो संच तयार झाला तो डॉ. काशिनाथ घाणेकर नाट्यगृहाच्या ध्वनियंत्रणेवर ऐकताना मागच्या रांगेतून हलगीची कड स्वच्छ कळत होती. हा संच आता कोणाच्याही परवान्यावर अवलंबून नाही. त्याच्या वेव्ह फाइली दुसऱ्या कोणत्याही सॅम्पलरमध्ये घालता येतील.

आता या सॉफ्टवेअरच्या स्वतःच्या भवितव्याविषयी. मी वापरतो ती आवृत्ती ०.९.२० आहे. काम करणारे लोक थोडे आणि स्वेच्छेने करणारे आहेत, प्रगतीची चाल संथ आहे, आणि नव्या सोयी येत राहतील असे गृहीत धरून कोणी हे निवडू नये. प्लगइन म्हणून ते एलव्ही२ आणि जुन्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या व्हीएसटी या दोन रूपांत मिळते; मुख्य सॉफ्टवेअरला प्लगइन जोडण्याच्या या दोन पद्धती आहेत. व्हीएसटीच्या त्या दुसऱ्या पिढीचे विकसन-साहित्य देणे व्हीएसटीची कर्ती कंपनी स्टाइनबर्गने २०१८ मध्येच थांबवलेले असल्यामुळे ती वाट पुढे अरुंद होत जाणार, हे उघड आहे. एलव्ही२ मात्र खुले मानक आहे आणि रीपर व आर्डर ही दोन्ही ऑडिओ सॉफ्टवेअरे ते उघडतात, म्हणून मी आठव्या महिन्यात सगळे प्रोजेक्ट एलव्ही२ वर आणले. मूळ स्रोत उघडा आहे, डेबियन या लिनक्स प्रणालीच्या भांडारात त्याचे पॅकेज आहे, आणि करणारे उद्या थांबले तरी ते पुन्हा बांधता येणे अशक्य नाही. याची खात्री करण्यासाठी मी एक जुना लॅपटॉप घेतला, त्यावर लिनक्स, ड्रमगिझ्मो आणि संच बसवले, इंटरनेट काढून टाकले आणि वर्षाच्या आरंभीचा प्रोजेक्ट उघडला. तो उघडला आणि वाजला; कोणीही मला परवाना विचारला नाही. संच क्रिएटिव्ह कॉमन्सच्या श्रेयनिर्देश परवान्याखाली आहेत, म्हणून नाटकाच्या श्रेयनामावलीत त्यांचा उल्लेख मी न चुकता करतो.

तरीही मी कोणत्याही एका सॉफ्टवेअरवर पूर्ण विसंबत नाही. मिडी नोंदी मी १९९१ च्या जनरल मिडी या सामाईक मानकाच्या क्रमांकांनुसारच ठेवतो: किक ३६, स्नेअर ३८, बंद हाय-हॅट (झांजांची जोडी) ४२, उघडी ४६. हलगीला त्या यादीत जागा नसल्यामुळे तिचे क्रमांक प्रोजेक्टच्या फोल्डरमध्ये एका साध्या मजकुराच्या फाइलमध्ये लिहून ठेवतो. प्रत्येक तुकडा पूर्ण झाला की ड्रमचे तेराही चॅनेल स्वतंत्र वेव्ह फाइली म्हणून काढून घेतो. २४ बिट आणि ४८ किलोहर्ट्‌झला तीन मिनिटांच्या तुकड्याला सुमारे ३३७ एमबी लागतात, आणि आजच्या डिस्कच्या किमतीत हा खर्च किरकोळ आहे.

ज्यांना दर आठवड्याला जाहिरातीचे किंवा मालिकेचे काम संध्याकाळपर्यंत द्यायचे असते, त्यांनी ईझीड्रमरसारखे सॉफ्टवेअर घ्यावे. त्यांचा वाचलेला वेळ त्या किमतीपेक्षा मोलाचा आहे. फक्त मिडी जनरल मिडीच्या क्रमांकांत वेगळी काढून ठेवावी आणि चॅनेल स्वतंत्र काढण्याचा आळस करू नये. ज्यांची नाटके किंवा गाणी पाच-दहा वर्षांनी पुन्हा उभी राहण्याची शक्यता आहे, ज्यांना मिक्स करायला आवडते आणि ज्यांच्याकडे स्वतःचे वाद्य मुद्रित करण्याची चिकाटी आहे, त्यांना मी ड्रमगिझ्मो मनापासून सुचवेन.

२०१३ च्या त्या एकांकिकेचा ठेका मी आता डीआरएस किटवर नव्याने बांधून ठेवला आहे. मागच्या महिन्यातल्या प्रयोगाआधी दिग्दर्शकाने त्याची गती ९६ वरून पुन्हा १०० करून मागितली, आणि ते काम त्याच संध्याकाळी जेवणाआधी झाले.