वाकडं कुठे झालं, हे कोणी सांगायचं?

गावात पिलाटेसचा, म्हणजे अंगावर ताबा ठेवून सावकाश करायच्या व्यायामांचा, वर्ग काढायचा विचार असेल, तर अंगाची ठेवण कशी सुधारून घेणार हे आधी ठरवा. यवतमाळ जिल्ह्यातल्या एका समाजमंदिरात सतरंज्या टाकून मी शिकवते. तिन्ही रीती करून पाहिल्यात.

हात लावून सरळ करणं सगळ्यात झटपट. कानाशी चढलेला खांदा दोन बोटांनी खाली आणला की झालं. नवख्या बाईला सुरुवातीला हेच बरं, अर्थात आधी विचारून. पण पुढच्या आठवड्यात तोच खांदा पुन्हा वर असतो. दर वेळी दुसऱ्याने सांगितलं की आपलं आपण तपासायची सवयच लागत नाही. आणि कापूस वेचणीच्या वावरात मी थोडीच असते!

आरसा किंवा मोबाईल उभ्याच्या व्यायामाला ठीक. उताणं असताना आरशात बघायला मान वळवली, की मानच वाकडी.

माझा कौल तिसऱ्या रीतीला: जमीन, भिंत आणि स्वतःचा हात. ही पद्धत काढणारे जोसेफ पिलाटेस तिला ‘कंट्रोलॉजी’, म्हणजे ताब्याचं शास्त्र, म्हणत. त्यांच्या 1945 च्या पुस्तकातले 34 व्यायाम सतरंजीवर होतात. ताबा करणाऱ्याचाच हवा.

एक मावशी गुडघे वाकवून उताण्या झोपल्या होत्या. कमरेखालून आख्खी मूठ जाईल एवढी पोकळी. “मी तं सरळच झोपली ना ताई,” म्हणाल्या. त्यांना तळहातांची बुडं कमरेच्या पुढच्या दोन हाडांवर आणि बोटांची टोकं ओटीपोटाखालच्या हाडावर ठेवायला लावली. “इथं पाण्याची वाटी ठेवली तर कुठं सांडंल?” हात चाचपत म्हणाल्या, “गुडघ्याकडं.” मग स्वतःच कंबर हळूहळू हलवत हात सपाट केले. मी बोटही लावलं नाही.

याला वेळ लागतो. शिवाय वर्षानुवर्षं वाकडं राहिलेल्या अंगाला वाकडंच सरळ वाटतं, म्हणून भिंत हवी: टाचा थोड्या पुढे, ढुंगण आणि पाठ टेकलेली, कमरेमागे तळहात सरकेल एवढीच जागा. पोक आलेल्या आजींचं डोकं मात्र भिंतीला टेकवायचा हट्ट नको. पायात मुंग्या येत असतील तर आधी डॉक्टर.

चार-पाच जणीच असतील तर पहिले दोन आठवडे हात लावा, मग फक्त विचारा. वीस जणी असतील तर पहिल्या दिवसापासून वाटीच.

त्या मावशी आता वेचलेल्या कापसाची ओटी रिकामी केली की बांधावरच्या कडुनिंबाला पाठ लावून कमरेमागे हात घालून बघतात.