एआय प्राइम 16एचडी: दीड फुटी सॉफ्ट कोरल टँकवर वापरून लिहिलेला रिव्ह्यू

टँक आधी सांगतो म्हणजे पुढचं सगळं त्या हिशोबाने वाचता येईल. 45 बाय 45 बाय 45 सेंटिमीटरचा क्यूब, काचेच्या मापाने 91 लिटर पण दगड आणि वाळू धरली की पाणी 75 च्या आसपास, आत खारं पाणी, झोआ, मशरूम, एक लेदर, थोडं झेनिया (ही सगळी सॉफ्ट कोरलं, म्हणजे दगडी सांगाडा न करणारी) आणि क्लाउनफिशची जोडी. यावर एआय (ॲक्वा इल्युमिनेशन) कंपनीचा प्राइम 16एचडी हा एलईडी लाइट लावलाय. माझं मत असं की एवढ्या सॉफ्ट कोरल टँकला याच्यापेक्षा मोठा लाइट अजिबात लागत नाही आणि हा घेतला तरी तो पूर्ण ताकदीवर चालवायची वेळच येत नाही, कारण तुम्ही पैसे देताय ते वॅटचे नाही, उजेड हवा तेवढाच आणि हवा तेव्हाच देता येतो त्याचे.

हे एवढं ठासून लिहायचं कारण म्हणजे आपल्याकडचे नवीन लोक अमेरिकेतले व्हिडिओ बघून लाइट निवडतात. तिकडच्या टँकमध्ये ॲक्रोपोरा, मॉन्टिपोरा, टॉर्च, हॅमर असले हार्ड कोरल, म्हणजे दगडी सांगाडा करणारे, भरलेले असतात, त्यांना 200-300 पार (उजेडाचं माप, पुढे सांगतो) लागतो म्हणून ते लोक दोन-दोन लाइट लावतात. आपल्याकडे वन्यजीव संरक्षण कायदा 1972 च्या शेड्यूल 1 मध्ये 2001 पासून सगळे रीफ बांधणारे हार्ड कोरल आहेत, शिवाय ब्लॅक कोरल, ऑर्गन पाइप, फायर कोरल आणि सी फॅन पण, म्हणजे ते बाळगणं-विकणं बेकायदा. टॉर्च आणि हॅमर दिसायला कितीही मऊ वाटले तरी ते हार्ड कोरलच. म्हणजे दुकानदार काहीही सांगो, इथे सरळमार्गी टँक म्हणजे सॉफ्टी (सॉफ्ट कोरल) टँक, आणि सॉफ्टीला लागणाऱ्या उजेडाचा हिशोबच वेगळा आहे. मला स्वतःला यात काही कमीपणा वाटत नाही, चांगला वाढलेला झोआचा दगड निळ्या उजेडात बघितला की तासभर तिथून हलवत नाही.

पार म्हणजे काय तर फोटोसिंथेसिसला कामी येणारा उजेड, 400 ते 700 नॅनोमीटरमधला, दर सेकंदाला दर चौरस मीटरवर किती पडतो ते माप. कोरलच्या अंगात जे सूक्ष्म शैवाल राहतं ते या उजेडावर अन्न करतं आणि त्यातला बराच भाग कोरलला देतं. ढोबळ आकडे द्यायचे तर मशरूमला 30 ते 80 पुरतो, झोआला 80 ते 150, लेदरला 100 ते 150. याच्या खूप वर गेलात तर ते शैवाल बाहेर टाकलं जातं आणि कोरल पांढरं पडतं, कमी पडला तर झोआ उजेड शोधत लांब मान काढतात. दोन्हीमध्ये माझ्या मते जास्त उजेड हा मोठा धोका, कारण कमी उजेडातलं कोरल सावकाश सावरता येतं, भाजलेलं बहुतेक वेळा हातचं जातं. झोआ किती कमी उजेडात तग धरतात ते बघायचं असेल तर ओहोटीला हाजी अलीच्या खडकांवर जा, मुंबईच्या गढूळ पाण्यात खडकावर पट्टेच्या पट्टे असतात. बघायला जा फक्त, तिथलं उचलून टँकमध्ये आणायचा विचारही करू नका.

आता लाइटबद्दल. तळहाताएवढा डबा, खाली 16 एलईडी, जास्तीत जास्त 59 वॅट. चॅनल वेगवेगळे आहेत, यूव्ही, व्हायोलेट, रॉयल ब्लू, ब्लू, ग्रीन, डीप रेड, कूल व्हाइट आणि रात्रीसाठी मूनलाइट. एक चॅनल कमी केला की उरलेली ताकद बाकीच्यांकडे वळवता येते त्यामुळे निळा 100 टक्क्यांच्या वरही जातो, सॉफ्टी टँकला त्याची गरज नाही पण सोय आहे. माझ्याकडे व्हायोलेट, रॉयल ब्लू आणि ब्लू पन्नाशीच्या आसपास आहेत, यूव्ही त्याच्या जरा खाली, व्हाइट 10-15 टक्के, आणि रेड-ग्रीन जवळजवळ बंद, अगदी मासे खऱ्या रंगात दिसावेत एवढेच. कोरलमधलं शैवाल 400 ते 500 नॅनोमीटरचा उजेड सगळ्यात चांगला वापरतं आणि त्याच उजेडाने कोरलमधली चमकणारी प्रोटीनं उठून दिसतात, ती निळा उजेड घेतात आणि हिरवा-केशरी बाहेर टाकतात. व्हाइट वाढवला की फोटो छान येतात हे खरं, पण पाण्यात नायट्रेट-फॉस्फेट असेल तर दगड-काचेवरचं नकोसं शेवाळंही मजेत वाढतं.

सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा पसरण्याचा, आणि दुकानात यावर कोणी बोलत नाही. हा एका ठिकाणाहून पडणारा उजेड आहे, म्हणजे मधोमध जोरात आणि कडेला झपकन कमी. पाण्यापासून 9-10 इंच वर टांगलाय, ओळखीतल्या एकाचा ॲपोजी एमक्यू-510 हा पार मीटर आणून मोजलं तेव्हा दगडाच्या माथ्यावर मध्ये 150 च्या जवळ आणि कोपऱ्यातल्या वाळूवर त्याच्या निम्म्याहूनही कमी. माझ्यासाठी हे सोयीचंच झालं, लेदर आणि झोआ वर-मध्ये, मशरूम खाली कडेला. लाइट वर नेला की पसरतो जास्त पण जोर कमी होतो आणि उजेड काचेबाहेर जाऊन हॉलमध्ये डोळ्यावर येतो, खाली आणला की मधे चटका आणि कडेला अंधार, त्यामुळे उंची ठरवायला घाई करू नका, टँकचा आकार हाच लाइटची निवड ठरवतो. कंपनी दोन फुटांपर्यंत कव्हरेज सांगते. दीड फुटी क्यूबला हा एक पुरतो, पण दोन फुटी लांबट टँक असेल तर माझं मत एक मोठा घेण्यापेक्षा दोन छोटे घ्या, दगडांच्या मागच्या काळ्या सावल्या जातात, त्या सावलीतच कोरल एका बाजूने मरायला लागतं.

आणि मीटरचं एक, मोबाइलवरचं लक्स ॲप यासाठी वापरू नका. लक्स हे माणसाच्या डोळ्याला काय उजळ वाटतं त्याचं माप, आपल्या डोळ्याला गडद निळा अंधुकच वाटतो, त्यामुळे निळ्या लाइटखाली आकडा फार कमी येतो आणि माणूस लाइट वाढवत बसतो. जुने पार मीटरही निळा कमी दाखवायचे, 510 मध्ये ते सुधारलंय आणि तो पाण्याखालीच मोजायला बनवलेला आहे. महाग आहे, एका टँकसाठी विकत घेणं मला पटत नाही, चार-पाच जणांनी मिळून घ्यावा किंवा कोणाकडून दोन दिवसांसाठी आणावा.

ॲप मोबियस, ब्लूटूथवर चालतं. सकाळी हळूहळू निळा, दुपारी व्हाइटची थोडी भर, रात्री उतरता, असं वेळापत्रक एकदा बसवलं की परत बघावं लागत नाही. मी एकूण नऊ-दहा तास ठेवतो, त्यातले पाच-सहाच तास भर ताकदीचे. त्यात ॲक्लिमेशनची, म्हणजे कोरलला उजेडाची हळूहळू सवय लावायची, सोय आहे, ठरलेल्या ताकदीच्या कमी टक्क्यांवरून सुरू करून काही आठवड्यांत आपोआप वर नेते, आणि माझ्या मते या लाइटमधली सगळ्यात कामाची गोष्ट हीच. नवीन कोरल दुकानातून येतं तेव्हा ते तिथे कुठल्या उजेडात होतं कोणाला माहीत नसतं, बऱ्याचदा साध्या ट्यूबखाली असतं, त्याला थेट 150 पारमध्ये ठेवणं म्हणजे त्रास देणं आहे. माझी पद्धत अशी की आधी वाळूवर कडेला, मग दर आठवड्याला थोडं वर.

दुसरे पर्याय. केसिल ए80 ट्यूना ब्लू, 15 वॅट, वर दोन नॉब, एकाने जोर आणि एकाने रंग, बास. फॅन नाही म्हणून आवाज शून्य, आणि पाण्याच्या तळाशी उजेडाच्या ज्या लाटा हलतात त्या मला प्राइमपेक्षा केसिलच्या जास्त आवडतात, खरंच उथळ समुद्रात असल्यासारखं वाटतं. एक फुटी टँक आणि मशरूम-झोआ एवढंच असेल, बेडरूममध्ये ठेवायचा असेल, तर डोळे झाकून हा. हळूहळू उजाडणं-मावळणं मात्र आपोआप नाही, त्यासाठी वेगळा कंट्रोलर जोडावा लागतो, नाहीतर साध्या टायमरवर चालू-बंद.

आणि मग बिननावाचे स्वस्त काळे डबे, ऑनलाइन 165 वॅट लिहून येतात. जोर भरपूर असतो हे मान्य, पण छोट्या टँकवर तोच त्रास. ज्याला दोन वेगळे डिमर नाहीत, एक निळ्याचा आणि एक पांढऱ्याचा, तो घेऊच नका, आणि डिमर असतील तर निळा 20 टक्क्यांवरून सुरुवात. बजेट खरंच कमी असेल तर यातला डिमरवाला डबा उंच टांगून सॉफ्टी उत्तम वाढतात, मी असे टँक बघितलेत, त्यामुळे पैसे नाहीत म्हणून छंद सोडायची काही गरज नाही.

बिलाचं बघितलं तर माझ्या सेटिंगवर सरासरी 30 वॅट धरा, नऊ तास, महिन्याला साधारण 8 युनिट. खरा खर्च उन्हाळ्याचा. एलईडीची बरीच गरमी वरच्या बाजूने हवेत जाते, जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांसारखी पाण्यात उतरत नाही, पण मे महिन्यात मुंबईत लाइट बंद असला तरी पाणी 30 च्या वर जातं आणि कोरलला 24 ते 27 हवं. लाइटवर वाचवलेले पैसे पाण्यावर वारा मारणाऱ्या फॅनसाठी किंवा चिलरसाठी ठेवा. फॅन लावला की बाष्पीभवन वाढतं म्हणून रोज आरओडीआयचं (फिल्टरने क्षार काढलेलं) साधं पाणी टॉपअप, मीठ नाही घालायचं.

प्राइममध्ये स्वतःचा छोटा फॅन आहे, शांत घरात तो ऐकू येतो. मिठाच्या बारीक तुषारांचा थर लेन्सवर बसतो आणि उजेड खातो, म्हणून लाइट बंद करून, गार झाल्यावर, आरओच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या मऊ कपड्याने दर आठवड्याला पुसा. वायर सॉकेटकडे जाण्याआधी खाली लोंबती ठेवा म्हणजे पाणी वायरवरून ओघळत प्लगपर्यंत जात नाही, आणि त्या बोर्डाला आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) हवाच, खाऱ्या पाण्याशेजारी वीज आहे, यात तडजोड नाही.

घेताना दोन गोष्टी विचारा. स्टँड किंवा फ्लेक्स आर्म वेगळा विकत घ्यावा लागतो, किंमत विचारताना तो धरून विचारा. आणि वॉरंटी भारतात कोण देणार हे बिलावर लिहून घ्या, बाहेरून कोणी सामानात टाकून आणलेला पीस स्वस्त पडतो पण बिघडला तर विचारायचं कोणाला हा प्रश्न राहतो. टँक दीड फुटापर्यंत असेल आणि पुढची काही वर्षं सॉफ्टीच ठेवायचे असतील तर प्राइम घ्या, एक फुटी असेल तर ए80.